अर्धी इंदू, अर्धी उषी

आमच्या नातीचं नाव इंदुषा. ऑफिसात कुणी अर्थ विचारला की माझा मुलगा मान वाकडी करून सांगतो, "ज्या पहाटे चंद्र अजून मावळलेला नसतो, ती पहाट." ऐकणारा भारावून जातो. डोंबलाची पहाट! विहीणबाईंचं नाव इंदू, माझं उषा, आणि बाळंतिणीच्या खोलीबाहेर बाकड्यावर आम्ही दोघी हटून बसलो होतो, हा त्या नावाचा खरा अर्थ. दोघींचंही ठेवू म्हणत मुलाने तिथल्या तिथे तह केला. माझं नाव मागे का, असं विचारलं तर म्हणाला, "आई, पुढे घेतलं तर मुलाचं नाव वाटतं." शिकलेल्या लेकाशी कोण हुज्जत घालणार?

तह झाला, पण तो पाळायचा कुणी? माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. नात सकाळभर माझ्याकडे असायची, कटिंगच्या टेबलाखाली चिंध्यांत खेळत. मी तिला उषी म्हणायचे. दुपारी विहीणबाई तिला न्यायला यायच्या आणि पायरीवरूनच हाक मारायच्या, "इंदू, चला!" मी लगेच म्हणायचे, "उषी, पाण्याची बाटली घे गं." पोर दोन्हींना ओ द्यायची. आईबाप संध्याकाळी दमून यायचे, त्यांच्या तोंडी नुसतं पिल्लू. झालं, संपलं नाव.

यंदा ती शाळेत जायला लागली. थोडे दिवस गेले आणि तिच्या बाईंनी आम्हा सगळ्यांना बोलावून घेतलं. बाई भल्या होत्या, पण वाईट बातमी सांगताना माणूस बोलतं तशा हळू बोलत होत्या. "मुलगी गोड आहे हो. पण हजेरीला कितीही हाका मारा, ढिम्म. तिला कमी ऐकू येत असावं. डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा. तसं असेल तर मात्र आमच्याकडे तिची सोय होणार नाही, वेगळी शाळा बघावी लागेल."

सूनबाई तिथेच रडायला लागली. बाहेर आल्याबरोबर विहीणबाई म्हणाल्या, "तुमच्या त्या मशीनचा खडखडाट. पोरीचे कान गेले."

मी कशाला ऐकून घेते? "आणि तुमचा टीव्ही? त्याच्यावर शेजारपाजारचेही बातम्या ऐकतात."

बोलले खरी, पण त्या दिवशी मशीनवर बसायची माझी छाती झाली नाही. एका गिऱ्हाईकाच्या पँटची तुरपाई हातानेच केली आणि तीही धड झाली नाही.

लेकाला रजा मिळेना, सुनेला धीर होईना, म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे आम्ही दोघी आज्याच गेलो. डॉक्टरीणबाईंनी नातीला हेडफोन लावला, पुढ्यात डबा आणि ठोकळे ठेवले. आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा. पोरीने एक ठोकळा चुकवला नाही.

"कान ठणठणीत आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग हेडफोन काढून घेऊन त्या तिच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या. "इंदुषा."

पोरगी ठोकळ्यांचा मनोरा रचत बसली.

"इंदुषा!"

मनोरा आणखी उंच झाला. डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. खुर्चीत बसून त्यांनी पेन उघडलं. "ऐकू येतंय, पण नावाला प्रतिसाद नाही. मेंदूच्या डॉक्टरांनाही एकदा दाखवून घ्या."

विहीणबाईंच्या हातून पर्सच गळून पडली. कसंबसं म्हणाल्या, "इंदू, तेवढी पर्स दे गं."

पोर टुणकन उठली. आता तरी मी गप्प बसावं की नाही? पण जित्याची खोड. "उषी, राहू दे, मी देते," मी म्हटलं. ती माझ्याकडे वळली.

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "घरी काय म्हणता हिला?"

"उषी," मी म्हणाले.

"इंदू," विहीणबाई म्हणाल्या.

"आणि इंदुषा कोण म्हणतं?"

आम्ही दोघी जमिनीकडे बघायला लागलो. शेवटी मीच म्हटलं, "तिचे वडील म्हणतात. ऑफिसात."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. तशाच हसत त्यांनी कान उत्तम असल्याचं सर्टिफिकेट लिहून दिलं, आणि बजावलं, "आजपासून पूर्ण नावाने हाक मारायची. दोघींनीही."

माझा जीव भांड्यात पडला. विहीणबाईंनी तर चक्क माझा हात धरला. मीही सोडवून घेतला नाही.

नात मात्र तशीच उभी होती. "आजी, इंदुषा म्हणजे मी?"

"हो गं, तूच."

तिचं तोंड एवढंसं झालं. "मग ती येणार नाही?"

"कोण?"

"बाई रोज इंदुषाला हाक मारतात. ती येतच नाही. मी माझ्या बाकावर तिच्यासाठी जागा ठेवते, कुणाला बसू देत नाही."

विहीणबाई चष्मा काढून पुसत राहिल्या. पोरीचं नाव आम्ही वाटून घेतलं होतं, आणि तिच्या वाट्याला काहीच ठेवलं नव्हतं.

मी दार उघडलं, हात पुढे केला आणि पहिल्यांदा ते नाव अख्खं तोंडातून काढलं. "इंदुषा, चल बाळा."

ती निघाली नाही. तिने आधी मागे वळून बघितलं, कुणी आलंय का.