घरातल्या घरात टपाल

आमचे मालक फौजेतून पेन्शन घेऊन घरी आले, तेव्हा मला कळलं की आम्हा नवराबायकोला भांडताच येत नाही. लग्नाला अठरा वर्षं झालेली, पण भांडणं सगळी पत्रातून. मी इथून चिडून लिहायचे, ते दहा दिवसांनी पठाणकोटला पोचायचं, उत्तराला आणखी दहा. तोवर मी कशावर चिडले होते तेच विसरून जायचे.

आता राग त्याच मिनिटाला समोरासमोर. शेजारच्या अंबूबाई आणि त्यांची सून दिवसभर गल्ली दणाणून सोडतात आणि दिवेलागणीला एकमेकींच्या केसांना तेल लावतात. आम्हाला ते जमेना. हे चिडले की गप्प होतात. मी चिडले की भांडी बोलतात.

पंच्याण्णवच्या जुलैत खरी ठिणगी पडली. आमच्या एकुलत्या मयूरीचा सांगलीला नर्सिंगला नंबर लागला. राहणं वसतिगृहात, आणि संमतीच्या कागदावर वडिलांची सही हवी. कागद पुढच्या बुधवारपर्यंत पोचला नाही तर जागा गेली. मी कागद ह्यांच्यापुढे ठेवला. ह्यांनी तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला, "न्हाई" म्हणाले आणि अबोला धरला. पोर दोघांच्या तोंडाकडे बघत भाकरी चिवडायची.

शेवटी मला येत होतं तेच मी केलं. निळं अंतर्देशीय पत्र घेतलं, मनातलं सगळं लिहिलं, ह्यांचं नाव घातलं आणि चावडीपुढच्या पेटीत टाकलं. आमच्या पेटीतलं पत्र आधी साताऱ्याला जातं, मग परत येतं. शुक्रवारी पोस्टमन जोतीराम दारात आला. मालक सोप्यातच बसलेले.

"वैनी, अक्षर तुमचंच दिसतंय," तो म्हणाला. "हातानं द्यायचं न्हाई व्हय?"

"तू तुझं काम कर," मी म्हणाले.

ह्यांनी पत्र दोनदा वाचलं. मग माझ्याकडे पाठ करून लिहायला बसले आणि चावडीकडे निघाले. मला हसूही येईना. शनिवार गेला, रविवारी टपाल नाही. सोमवारी जोतीरामानं माझ्या हातात पत्र ठेवलं आणि सायकलवर टांग टाकली.

'राजेश्वरीस आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम. गाय विकली म्हणून तू कळवलंस, विहीर पाडली म्हणून कळवलंस, आई गेली तेही कळवलंस. मी येईपर्यंत सगळं उरकलेलं असायचं. तुझा दोष नाही. पण आता मी घरात आहे, तरी फॉर्म भरल्याचं मला कळवण्यातच आलं. पोर चौथीत होती तेव्हा मी ती दुसरीत समजून खाऊ आणला होता. आता कुठे तिच्याशेजारी जेवायला बसतोय, तर ती निघाली.'

मला रडू आलं आणि रागही आला, कारण ह्यांचं खरं होतं. अठरा वर्षांत मी ह्यांना एकदाही काही विचारलं नव्हतं. तशी सवयच लागली नव्हती. आता विचारायचं, तर 'नाही' ऐकायची तयारी हवी. जागा जायला दोन दिवस उरलेले. तरी मी सोप्यात जाऊन ह्यांच्यासमोर बसले.

"आवं, पोरीला सांगलीला पाठवूया का?"

"आनि म्या न्हाई म्हनलं तर?"

"तर भांडीन. पर तोंडानं."

ह्यांनी खिशातून कागद काढला. घड्या पडून पडून तो मऊ झाला होता. मग पेन मागितला.

"सोडाय मी जानार," म्हणाले.

बुधवारी बापलेक पहाटेच्या एसटीनं गेले. हे संध्याकाळी परत यायचे, ते आले गुरुवारी दुपारी. गाडी चुकली म्हणाले. सांगलीहून साताऱ्याला दिवसभर गाड्या सुटतात, हे शेंबडं पोरही सांगेल. मी ताट वाढलं आणि विचारलं, "रमली का पोर?"

हे सांगायला लागले. भाकरी गार झाली तरी सांगतच होते.