प्लास्टिकखालचा घोडा

मित्रांनो, मी घोडा आहे, पण आयुष्यात एकदाही धावलेलो नाही. हसू नका! मी कागदावरचा घोडा. घोड्यांची लक्षणं सांगणाऱ्या एका जुन्या हस्तलिखित पोथीत माझा जन्म झाला. खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला करून चित्रकारानं माझी आयाळ रंगवली, एकेक केस वेगळा. गळ्यात मोत्यांची माळ घातली. प्रत्येक मोत्यासाठी त्यानं पांढऱ्या रंगाचा दाट थेंब ठेवला, म्हणून ते मोती कागदावर चक्क उठून आले. असा रुबाब होता माझा!

पोथीत आम्ही वीस घोडे होतो. एकोणीस वाळवीनं खाल्ले, अगदी शेजारच्या पानावरची पांढरी घोडीसुद्धा. मी उरलो तो हणमंतरावांमुळे. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात राहिलेल्या मराठी घरातले हे आजोबा. चिकपेटचं घर सोडून ते एचएसआर लेआउटच्या फ्लॅटमध्ये आले, तेव्हा सगळं सामान ट्रकमधून आलं आणि मी त्यांच्या मांडीवरून.

पुढे त्यांची नजर गेली. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. पण रोज संध्याकाळी ते हात धुऊन, पुसून बसायचे आणि माझ्या माळेवरून अलगद बोट फिरवायचे. मोती लागले, की चेहरा खुलायचा. "आहेस का रे राजा?" एवढंच विचारायचे. जुन्या चित्राला बोट लावू नये, हे मलाही कळतं हो! पण त्या घरात माझ्याकडे बघणारं दुसरं होतं कोण?

नात संयोगिता त्यांना अज्जा म्हणते आणि ते तिला लाडानं पुट्टी. तिचा त्यांच्यावर फार जीव. त्यांचा ऐंशीवा वाढदिवस आला आणि माझा एक कोपरा तुटायला आलेला तिला दिसला. कुणाला न सांगता तिनं मला चिकपेटला लॅमिनेशनच्या दुकानात नेलं.

"अक्का, स्वल्प थांबा," दुकानदार म्हणाला. "शंभर वर्षं काय होत नाही बघा आता याला!"

मशीन तापलेलं होतं. वरून प्लास्टिक, खालून प्लास्टिक. माझे मोती चेपले. मला ओरडता आलं नाही.

वाढदिवसाला तिनं मला अज्जांच्या हातात दिलं. "आता पाणी लागत नाही, धूळ लागत नाही!" ती नाचतच म्हणाली.

हणमंतरावांचं बोट आयाळीवरून घसरलं. गळ्यावरून घसरलं.

"पुट्टी, हे काय कॅलेंडर दिलंस मला? माझा घोडा आण की."

"हाच आहे, अज्जा."

बोट पुन्हा फिरलं, पुन्हा घसरलं. मग संयोगिताला कळलं. रडत रडत ती कात्री घेऊन आली.

"नको गं," ते म्हणाले. "प्लास्टिक ओढशील तर रंगही त्याच्याबरोबर येईल. राहू दे. बरं, तूच सांग, कसा दिसतो तो?"

"तपकिरी आहे. गळ्यात माळ आहे."

"आणि?"

ती वाकून मला बघू लागली. माझ्यासमोर लहानाची मोठी झाली, पण तिनं मला कधी नीट पाहिलंच नव्हतं.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर माया करा, जरूर करा. पण तिला नवं रूप देण्याआधी, तिच्यापाशी रोज बसणाऱ्या माणसाला एकदा विचारा. संयोगिता आता रोज मला न्याहाळते आणि अज्जांना एकेक गोष्ट सांगते. काल तिला माझ्या पापण्या सापडल्या. ते ऐकतात, हसतात. हात मात्र मांडीवरच असतो.