बत्तीस शब्द आणि आजोबांचं पांघरूण

माझा भाऊ केतिल कधी निर्णय घेत नाही. नवा ट्रॅक्टर घ्यावा की न घ्यावा यावर त्याने चार वर्षं विचार केला, तोवर कंपनीने ते मॉडेल बनवायचंच बंद केलं. आईवडिलांमागे आम्ही दोघंच भावंडं फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याच्या टोकाला दोनशे दहा मेंढ्या सांभाळून राहतो. लग्न मी केलं नाही, त्यानेही केलं नाही. माझं ठरवून होतं, त्याचं भिजत घोंगडं होतं.

अशा माणसाला मोरॅगने मागणी घातली. मोरॅग शेटलंड बेटांवरची, लोकर पारखणारी बाई, दोन उन्हाळे आमच्याकडे लोकर घ्यायला आलेली. गावातल्या गरम पाण्याच्या कुंडात सगळे गळ्यापर्यंत बसलेले असताना, पाच जणांदेखत तिने त्याला विचारलं की माझ्याशी लग्न करून शेटलंडला येतोस का. केतिल पाण्याखाली गेला. वर आल्यावर म्हणाला, बघतो. मोरॅग म्हणाली, बघ. मेंढ्या डोंगरावरून उतरून ज्याच्या त्याच्या गोठ्यात गेल्या, की त्यापुढच्या गुरुवारी मी बाराची बस धरणार, तोवर सांग.

दोघं इंग्रजीत बोलत, म्हणजे ती बोले. केतिलचं इंग्रजी मेंढ्यांपुरतं. म्हणून त्याने मंगळवारी वाचनालयात भरणाऱ्या स्टेइनुनच्या वर्गात नाव घातलं. मीही घातलं. भावाला सोबत, असं मी चारचौघांत सांगत होते. खरं म्हणजे मला तो जायला नको होता आणि त्याच्यावर लक्ष ठेवायचं होतं. पन्नाशी उलटल्यावर एकटीने हिवाळा काढायची मला भीती वाटत होती. यात लपवण्यासारखं काही नाही, पण तेव्हा मी लपवलं.

स्टेइनुन बंदराच्या कचेरीतून निवृत्त झालेली. तिला याद्या करायचा सोस. केतिलची अडचण फ्योर्डभर सगळ्यांना कळली होती, तेव्हा तिने खास त्याच्यासाठी एक कागद तयार केला: डावीकडे इंग्रजी, उजवीकडे आमच्या भाषेतला शब्द, विषय निर्णय घेणे, एकूण शब्द बत्तीस. केतिलने आयुष्यात काही इतकं पटकन पाठ केलं नसेल. हेझिटेट म्हणजे हिका, पोस्टपोन म्हणजे फ्रेस्ता. कचरणं, लांबणीवर टाकणं, तळ्यात की मळ्यात करणं, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत उभं राहणं, सगळ्याला इंग्रजीत वेगवेगळे शब्द निघाले. "बघ, म्हणजे माझ्यासारखे तिकडेही आहेत," तो मला म्हणाला. खूश होता. सत्ताविसाव्या शब्दापर्यंत गेला आणि थांबला. अठ्ठाविसावा होता डिसाइड.

सत्ताविसावा होता खोल विचार करणे. त्याच्यासमोर स्टेइनुनने आमच्याकडचा जुना वाक्प्रचार लिहिला होता: कातड्याखाली जाणे. देशाने धर्म बदलायचा की नाही, हे हजार वर्षांपूर्वी एका माणसाने एक दिवस आणि एक रात्र कातड्याखाली पडून ठरवलं, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. आता ती नुसती बोलायची गोष्ट आहे. मंत्रीही म्हणतात की मी कातड्याखाली जातो, आणि जातात जेवायला. पण माझा भाऊ सरळ माणूस. मोरॅगच्या बसच्या आदल्या दिवशी, बुधवारी सकाळी त्याने माळ्यावरून आजोबांचं मेंढीच्या कातड्यांचं पांघरूण काढलं, झटकलं, आणि लोकरीच्या खोलीतल्या बाकावर डोक्यावरून घेऊन आडवा झाला.

कातड्याखालच्या माणसाशी कोणी बोलायचं नसतं. गावानेही तो मान राखला. शेजारचा इंग्वार फाटकाजवळ ट्रॅक्टर बंद करून पायी आला, आणि त्याने आपल्या कुत्र्यालासुद्धा दटावलं. स्टेइनुनने धिरडी आणली, दाराशी ठेवली आणि चवड्यांवर परत गेली. मी दारात खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले. ते काम मला फार आवडलं. गुरुवारची बस गेली की प्रश्नच मिटणार होता, आणि मी काही केलं असं कोणी म्हणू शकणार नव्हतं.

गुरुवारी दहाच्या सुमारास मोरॅग बॅग घेऊन आली. मी तिला सांगितलं, तो आत आहे, पण त्याला हाक मारता येणार नाही. मला वाटलं भांडेल. पण दोन उन्हाळे आमच्यात काढलेली बाई. म्हणाली, नियम तो नियम. बादली पालथी घातली, तिच्यावर बसली आणि पिशवीतून विणकाम काढलं. मी कॉफी दिली, ती तिने प्यायली. साडेदहा वाजले, मग अकरा. मोजा टाचेपर्यंत आला. विणता विणता ती म्हणाली,

"ओडनी, तो नाही म्हणाला तरी मी जाईन, रडेन, बरी होईन. न सांगता राहिला, तर मात्र मला काही करता येणार नाही."

माझ्या एप्रनच्या खिशात तो कागद होता. केतिलला सत्तावीस शब्द येत होते, मला बत्तीसच्या बत्तीस येत होते. मी खिशात हात घालून मनातल्या मनात म्हणायला लागले, हेझिटेट, पोस्टपोन, आणि अर्ध्यातच मला माझीच लाज वाटली. स्टेइनुनने यादी भावासाठी केली होती, पण ती कालपासून मी वापरत होते.

अकरा वीस झाले. बसथांबा गाडीने पंधरा मिनिटांवर. मी उठले, आत गेले आणि पांघरूण ओढून काढलं.

केतिल उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत होता. दाढीत धिरड्याचे कण. पायात बूट, नाड्या बांधलेल्या. छातीवर पासपोर्ट.

"ती गेली?" त्याने विचारलं.

"बाहेर बादलीवर बसलीय."

तो उठून बसला. "किती वेळ लावलास गं."

"मी? ठरवायचं तुला होतं ना?"

"माझं काल पडल्या पडल्याच ठरलं," तो म्हणाला. "मग म्हटलं, ओडनीने पांघरूण काढलं तर जायचं. तिने नाही काढलं तर नाही."

मला रडू आलं आणि संतापही आला. आधी संताप आटपला. दीड दिवस मला पहाऱ्याला बसवून स्वतः आत धिरडी खात होतास, मेंढ्यांचा नाही तर निदान बहिणीच्या पाठीचा तरी विचार करायचास, असं बरंच काही मी बोलले. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग मी त्याच्या दाढीतले कण झटकले आणि त्याला दाराबाहेर ढकललं.

मोरॅगसमोर उभा राहिल्यावर त्याचे सत्तावीसही शब्द उडाले. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. शेवटी म्हणाला, "याय्या." आमच्याकडे 'चला', 'झालं', 'निघू या', असं सगळं त्या एका शब्दात बसतं. कागदावर तो नव्हता. पण मोरॅगने लोकर गुंडाळली, सुया पिशवीत टाकल्या आणि म्हणाली, "याय्या."

मीच त्यांना बसवर सोडलं. बस वळणाआड जाईपर्यंत केतिल मागच्या काचेतून हात हलवत होता.

घरी आले तर पांघरूण बाकावर तसंच पडलेलं. मी ते डोक्यावरून घेऊन आडवी झाले. आत अंधार होता, ऊब होती, धिरड्याचा वास होता. बराच वेळ पडून राहिले. ते काढायला आता कोणी येणार नव्हतं. मग माझं मीच काढलं, घडी घातली आणि मेंढ्यांकडे गेले.