मी सरावाचा पेशंट

दचकू नका. तातडीच्या विभागात, पडद्यामागच्या खाटेवर आडवा पडलेला मीच बोलतोय. मी रबराचा माणूस. छातीत स्प्रिंग, दंडात नळ्या. दिवसभर लोळत असतो म्हणून इथे सगळे मला रावसाहेब म्हणतात.

खोक्यातून निघालो तेव्हा फक्त डॉक्टर माझ्यावर हात बसवायचे. मग शिकवणाऱ्या मॅडम आल्या. त्यांनी डॉक्टर, सिस्टर, टेक्निशियन, सफाईच्या मावशी, सगळ्यांना माझ्याभोवती एकत्र उभं केलं. "ज्याला चूक दिसेल त्यानं मोठ्यानं बोलायचं. मग तो कुणीही असो," त्या म्हणाल्या. तेव्हापासून दर मंगळवारी दुपारी माझा जीव जातो आणि चहाच्या वेळेपर्यंत परत येतो.

एका मंगळवारी मॅडम रजेवर होत्या. मला भिंतीच्या ऑक्सिजनवरून काढून स्ट्रेचरच्या सिलिंडरवर घेतलं. डॉक्टरांना वाटलं, सिस्टरनी तो सुरू केला. सिस्टरना वाटलं, टेक्निशियननं. सिलिंडरवरच्या मीटरचा काटा शून्यावरच होता.

"डॉक्टर, सिलिंडर बंद आहे वाटतं," स्ट्रेचर ढकलणाऱ्या मावशी म्हणाल्या.

"मावशी, तुम्ही स्ट्रेचर बघा."

कुणीतरी फिसकन हसलं. मला इतका संताप आला! पण रबराच्या संतापाला कोण विचारतं? मावशी त्यानंतर सरावात एक अक्षर बोलल्या नाहीत.

गेल्या गुरुवारी सकाळी शेजारच्या खाटेवर धाप लागलेले एक मास्तर आले. त्यांची बायको दाराबाहेर त्यांचा चष्मा हातात धरून उभी होती. एक्स-रेला न्यायचं ठरलं आणि घाईघाईत त्यांना सिलिंडरवर घेतलं. पडदा अर्धा उघडा होता. काटा शून्यावर होता, मला स्पष्ट दिसत होता. मावशींनाही दिसला. त्यांनी तोंड उघडलं, डॉक्टरांकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले.

बोला हो मावशी! मी आतल्या आत ओरडत होतो. बोटसुद्धा हलेना माझं. स्ट्रेचर बाहेर गेलं. लिफ्टपाशी सिस्टरच्या लक्षात आलं, पण तोवर फार उशीर झाला होता. मास्तर गेले.

दुपारी मावशी मला पुसायला आल्या. माझा हात पुसता पुसता थांबल्या.

"रावसाहेब, मला दिसलं होतं," त्या हळूच म्हणाल्या.

दुसऱ्या कुणाजवळ त्या हे बोललेल्या नाहीत. मन मोकळं करायला त्यांना मीच सापडलो, आणि मला तर धीराचा एक शब्दही देता येईना.

आता माझी स्प्रिंग ढिली झालीय. नवा पुतळा मागवलाय म्हणे. काल मंगळवारी सराव संपल्यावर मॅडमनी विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?" मावशींनी मान खाली घातली. डॉक्टर घड्याळ बघत होते.

डॉक्टर, मला अडगळीत टाका, माझी हरकत नाही. पण त्याआधी एकदा मावशींना तुम्ही स्वतः विचारा. तुम्ही विचारल्याशिवाय त्या बोलायच्या नाहीत.