शुक्रवारीही न उतरलेला काटा

मी एक जुना रक्तदाबमापक आहे, मित्रांनो. एवढ्या भारदस्त नावाने मला कोणीच हाक मारत नाही. सगळे 'बीपीचं मशीन' म्हणतात. घड्याळासारखी गोल तबकडी, तिच्यावर एक काटा, दंडाला गुंडाळायचा निळा पट्टा आणि हवा भरायचा रबरी फुगा, एवढाच माझा संसार. मला वीज लागत नाही, सेल लागत नाहीत. मात्र चांगले कान लागतात. स्टेथोस्कोप लावून ठोका ऐकणारं कोणी नसेल, तर माझी तबकडी नुसती शोभेची.

कारखान्यात माझा काटा शून्यावर नीट येतो ना, हे तपासून मला खोक्यात घातलं आणि मी दुबईला आलो. अल कुसैसमधल्या खैरुद्दीनच्या दुकानात बरेच दिवस काचेआड बसून होतो. एका संध्याकाळी कमलिनीताईंनी मला हातात घेतलं, दिरहमचे मोठ्याने रुपये केले, "पुण्यात स्वस्त मिळालं असतं," असं म्हणाल्या आणि तरीही घेतलं. त्यांचे यजमान सुरेशराव बांधकाम कंपनीत इंजिनिअर होते आणि त्यांना नुकताच रक्तदाबाचा त्रास सुरू झाला होता.

मला वापरायला शिकली ती त्यांची मुलगी पर्णिका. समोरच्या फ्लॅटमध्ये शहरबानू नावाच्या हैदराबादच्या नर्स राहत. त्यांनी तिला शेजारी बसवून धडा दिला. "पहले मरीज को आराम से बैठने दो, बेटा. भाग के आए सो आदमी का बीपी झूठ बोलता."

पर्णिकाने हे इतकं मनावर घेतलं, की पुढे इमारतीतल्या काका-मावश्यांना ती आधी खुर्चीत गप्प बसवायची आणि मगच पट्टा गुंडाळायची. बडबड्या मावश्यांना ती शिक्षाच वाटे. मला मात्र ती मुलगी फार आवडायची. तिचा हात हलका होता आणि ती ऐकताना डोळे मिटायची.

त्या काळी तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असे आणि रविवारी कामाचा आठवडा सुरू होई. पर्णिका बाबांचा रक्तदाब शुक्रवारी आणि रविवारी सकाळी मोजायची. शुक्रवारी माझा काटा खुशाल खाली थांबायचा. रविवारी, ऑफिसला निघायच्या आधी, तो थोडा वर चढायचा.

"बाबा, यू आर अलर्जिक टू संडे!" ती हसून म्हणायची.

पुढे पर्णिका बारावीत गेली आणि घरात एक नवा शब्द आला, अर्ली ॲडमिशन. दुसऱ्या अमिरातीत एक मेडिकल कॉलेज होतं. अकरावीचे गुण, शाळेचं शिफारसपत्र आणि इस्पितळात केलेली मदत पाहून ते काही मुलांना बारावीच्या परीक्षेआधीच मुलाखतीला बोलवत. मुलाखत चांगली झाली की जागा राखून ठेवली जाई. मग बारावीत ठरलेले गुण मिळाले की पुरे, वेगळी प्रवेशपरीक्षा नाही. पर्णिकाला बोलावणं आलं.

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तशी घरात गंमत सुरू झाली. मुलाखत व्हायची होती, पण कमलिनीताईंनी पेढे वाटले. महाराष्ट्र मंडळातले काका एकेक तयार उत्तर घेऊन येऊ लागले. श्रीनाथकाका म्हणाले, "गरिबांची सेवा करायचीय, असं सांग. आणि गावाकडच्या आजोबांना वेळेवर डॉक्टर मिळाला नाही, हे डोळ्यांत पाणी आणून सांग."

"काका, माझे आजोबा कोथरूडला राहतात. ही इज फाइन," पर्णिका म्हणाली.

त्याच वर्षी जगभर मंदी आली. खिडकीतून रोज फिरताना दिसणाऱ्या क्रेन जागच्या जागी थांबल्या. शेजारची दोन बिऱ्हाडं सामान विकून भारतात परतली. सुरेशराव मात्र रोज इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन निघत होते. "आमच्या कंपनीला काही धोका नाही," असं ते फोनवर सगळ्यांना सांगत.

पण मित्रांनो, मला ते फसवू शकत नव्हते! माझा काटा आता शुक्रवारीही वर राहू लागला. एका शुक्रवारी पर्णिकाने दोनदा मोजलं. कमलिनीताई भाजीला गेल्या होत्या.

"बाबा, संडेला ऑफिसचं टेन्शन असतं, ओके. पण फ्रायडेला पण तेवढंच? सेम रीडिंग?"

"मशीन जुनं झालंय गं."

माझ्यावर असा आळ! मी गप्प राहिलो, दुसरं काय करणार? पण पर्णिका गप्प राहिली नाही. तिने पट्टा सोडला नाही, बाबांचा हात तसाच धरून ठेवला आणि हळूच विचारलं, "बाबा, तुमच्यासाठी फ्रायडे आणि संडे सेम झालेत का? आर यू गोइंग टू ऑफिस?"

सुरेशरावांनी दाराकडे पाहिलं. "खलास, बेटा. प्रोजेक्टच बंद झाला. नोटीस संपेपर्यंत व्हिसा आहे, तोवर दुसरं काहीतरी बघतोय. आईला एवढ्यात सांगू नकोस. तुझा इंटरव्ह्यू होऊ दे. आत्ता कळलं तर ती परतायची तयारी सुरू करेल आणि तुझी सीट जाईल."

पर्णिकालाही ती जागा हवी होती, मनापासून हवी होती. तिने वचन दिलं आणि बदल्यात मागितलं, "गोळी रोज घ्यायची. प्रॉमिस." सुरेशरावांनी मान हलवली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं दोघांनाही वाटलं असावं.

मुलाखतीचा रविवार उजाडला. पर्णिकाने नवा कुर्ता घातला होता. कमलिनीताईंनी देवापुढे दिवा लावला, मुलीच्या हातावर दही ठेवलं. सुरेशराव गाडीची किल्ली घेऊन दारात उभे होते, पण दाराची चौकट धरून. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"डोकं दुखतंय जरा. उन्हाचं असेल," ते म्हणाले. सकाळी जानेवारीत कसलं ऊन?

पर्णिकाने त्यांना बसवलं, थोडं थांबली आणि मला बाहेर काढलं. पट्ट्यात हवा भरली. माझा काटा चढत गेला, चढत गेला, आणि हवा सोडताना ठोका सुरू झाला तो इतक्या वर, की तिने डोळे उघडले. मी तिला एवढा वरचा आकडा कधीच दाखवला नव्हता. मला माझीच भीती वाटली.

"बाबा, गोळ्या?"

सुरेशराव खाली बघत म्हणाले, "इन्शुरन्स संपतोय. थोड्या मागे ठेवत होतो. चल, यल्ला, उशीर होतोय. तुझा इंटरव्ह्यू झाला की लगेच डॉक्टरकडे जाऊ. मशीन चुकत असेल."

घड्याळ पुढे सरकत होतं. पर्णिकाला वचन आठवत होतं आणि कॉलेजचं मोठं फाटकही दिसत होतं. माझ्या फुग्यावरची तिची मूठ घट्ट झाली. मग ती मोठ्याने म्हणाली, "आई, शहरबानू आंटींना बोलाव. आत्ता. बाबा गाडी चालवणार नाहीत. त्यांचा जॉब गेलाय आणि ते गोळ्या घेत नाहीयेत."

शहरबानू स्वतःचं यंत्र घेऊन धावत आल्या. त्यांनी मोजलं आणि म्हणाल्या, "मशीन बरोबर है. इनको अभी के अभी लेके चलो."

टॅक्सी येईपर्यंत कमलिनीताई नवऱ्याजवळ बसून होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "अहो, मी रोज डबा भरत होते. तो कुठे खात होतात?"

"अल क्वोजला, त्या कारखान्यांच्या भागात. गाडीत बसून."

कमलिनीताईंनी पदराने त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला. मग त्या रडल्या. इतके दिवस हा माणूस एकटा जेवत होता, याचं त्यांना नोकरीपेक्षाही जास्त दुःख झालं.

सुरेशरावांना इस्पितळात ठेवून घेतलं आणि ते बचावले. कॉलेजला फोन केला तेव्हा तिथल्या बाईंनी आपुलकीने विचारपूस केली, पण मुलाखती आटोपल्या होत्या. बारावीनंतर नेहमीच्या मार्गाने अर्ज करा, असं त्यांनी सांगितलं. पण तोवर दुबईत कोण राहणार होतं? नोटीस संपली आणि आम्ही सगळे पुण्याला आलो.

पर्णिकाचा रस्ता लांबला. बारावी पार पडली, पण पहिल्या प्रवेशपरीक्षेत ती मागे पडली. तिने बीएस्सीला नाव घातलं आणि पुन्हा अभ्यासाला बसली. दुसऱ्या खेपेला तिला मेडिकलला प्रवेश मिळाला, तेव्हा दुबईच्या शाळेतल्या तिच्या मैत्रिणी पुढच्या वर्गात गेल्या होत्या. इकडे सुरेशरावांनी बटण दाबलं की आकडा दाखवणारं नवं यंत्र आणलं. मी कपाटात गेलो. माझा रबरी फुगा चिरला, पट्ट्याला वास येऊ लागला. नव्याचे नऊ दिवस असतात म्हणतात, पण त्या नव्याचे दिवस संपता संपेनात.

परवा पर्णिकाने मला बाहेर काढलं. आता ती डॉक्टर आहे. तिने फुगा बदलला, पट्टा धुतला, माझा काटा शून्यावर येतो का ते पाहिलं. पाहुणे आले होते आणि सुरेशराव त्यांना नेहमीचंच सांगत होते, "हिची तिकडची मेडिकलची सीट माझ्यामुळे गेली. बारावीच्या आधीच पक्की झाली असती."

दर वेळी पर्णिका हसून विषय बदलते. या वेळी तिने बदलला नाही.

"हो, गेली बाबा," ती म्हणाली. "मला खूप वाईट वाटलं होतं. कधीकधी अजूनही वाटतं." मग ती त्यांच्याजवळ येऊन बसली. "पण सीट मला दुसरी मिळाली."

सुरेशरावांनी बाही वर सरकवली आणि हात तिच्यापुढे केला.

म्हणून सांगतो, मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्राला अधूनमधून तपासून घ्या, पुसून ठेवा. पण आधी आपल्या घरातल्या माणसांकडे बघा. रोज वेळेवर निघणारा, वेळेवर परतणारा, 'मी ठीक आहे' म्हणणारा कोणी असेल, तर त्याला हाताला धरून खुर्चीत बसवा, शेजारी बसा आणि विचारा. त्याने यंत्राला नावं ठेवली, तर पुन्हा विचारा.