लिव्हिओ बेर्तान्झाचा सेवापूर्ती सत्कार, मुक्काम गोरेगाव

ग्यानोबा पाईकराव यांनी तेहतीस वर्षं एका सरकारी खात्यात आवक-जावक लिपिक म्हणून काढली. खात्याचं नाव सांगत नाही, उगाच कुणाला वाईट वाटायचं. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि तो ज्याचा त्याच्या टेबलावर पोचवायचा, हे त्यांचं काम. काम झालं की कौतुक साहेबांचं आणि कागद हरवला की शिव्या ग्यानोबांना, अशी वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली होती.

त्यातून माणूस जन्माचा प्रतिनियुक्तीवर. म्हणजे मूळ नेमणूक जिल्ह्याच्या कचेरीत, पगारपत्रकात नाव तिथलं, आणि काम करायचं भलतीकडेच. आज या तालुक्याला माणूस कमी आहे, उद्या त्या तालुक्याला. जिल्ह्याच्या कचेरीनं त्यांना परत कधी बोलावलं नाही आणि तालुक्याच्या कचेऱ्यांनी कधी आपलं म्हटलं नाही. शेवटची नऊ वर्षं ते गोरेगाव या आपल्या गावातल्या घरून रोज जीपनं तालुक्याला जात होते, एवढंच काय ते सुख.

अशा माणसाला फुटबॉलचं वेड लागायचं काही कारण नव्हतं. गोरेगावात बॅट घेऊन हिंडणारी पोरं गल्लीगल्लीत सापडतील, पण फुटबॉल फक्त शाळेच्या कपाटात होता आणि त्यात हवा नव्हती. पण मुलगी पल्लवी पुण्याला नोकरीला जाताना आपला जुना मोबाइल बापाला देऊन गेली, आणि एका शनिवारी संध्याकाळी त्यावर इटलीतल्या दुसऱ्या दर्जाच्या स्पर्धेतला एक सामना आपोआप सुरू झाला. बंद कसा करायचा ते ठाऊक नसल्यानं ग्यानोबा पाहत बसले.

मैदानाच्या मधोमध आठ नंबरचा एक माणूस होता. मागून चेंडू आला की हा घ्यायचा, क्षणभरही जवळ ठेवायचा नाही, मान वर करून पुढं ज्याचा त्याला देऊन टाकायचा. गोल झाला तेव्हा सगळे गोल मारणाऱ्याच्या गळ्यात पडले आणि हा मोजे वर ओढत आपल्या जागेवर परत गेला.

"पल्लवीची माय, इकडं ये," ग्यानोबांनी बायकोला हाक मारली. "हे बघ, हा आवक-जावकला हाय."

पद्माबाईंनी पीठ लागलेल्या हातानं येऊन पाहिलं आणि त्या माणसाच्या मांड्या उघड्या असल्याचं तेवढं सांगून परत गेल्या.

पुढं पल्लवीनं फोनवर माहिती काढून दिली. त्याचं नाव लिव्हिओ बेर्तान्झा, मिडफिल्डर. मूळ क्लब उत्तरेतला एक मोठा, पण त्या क्लबानं त्याला स्वतःकडे खेळवलंच नव्हतं म्हटलं तरी चालेल. कधी या, कधी त्या छोट्या गावच्या क्लबाला वर्ष-दोन वर्षांच्या बोलीनं देऊन टाकायचे. ग्यानोबांनी चष्मा काढून पुसला. इटलीतही प्रतिनियुक्ती आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं, आणि सख्खा भाऊ सापडल्यासारखं वाटलं.

मग त्यांनी एका कोऱ्या रजिस्टरात लिव्हिओचं सेवापुस्तक उघडलं. रुजू झाल्याचं वय सतरा. पिवळं कार्ड मिळालं की 'कारणे दाखवा नोटीस', लाल मिळालं की 'निलंबन', गुडघा दुखावला की 'वैद्यकीय रजा'. प्रतिनियुक्त्या एकूण अकरा. गोल सात, त्यातला एक चुकून स्वतःच्याच जाळीत. त्यापुढं ग्यानोबांनी 'हेतुपुरस्सर नाही' असा शेरा मारून सही केली होती.

अशी आठ वर्षं गेली आणि ग्यानोबांच्या निवृत्तीची तारीख आली, एकतीस मे.

आता खरं ते सांगून टाकतो. ग्यानोबांना निवृत्तीच्या दिवशी एक शाल हवी होती. एक शाल, एक नारळ, एक फोटो, आणि कुणीतरी माइकवरून चार शब्द बरे बोलावेत. फार मागणं नव्हतं. नोकरीत त्यांनी दुसऱ्यांचे चौसष्ट सत्कार पाहिले होते आणि प्रत्येक वेळी नारळ आणायला त्यांनाच पिटाळलं होतं. चौसष्ट नारळ त्यांनी कानाशी हलवून, पाणी वाजतंय ना बघून आणले होते. पासष्टावा आपला, असं त्यांनी मनाशी धरलं होतं, आणि ते तोंडानं मागायचं नसतं हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मे महिन्यात तालुक्याच्या कचेरीनं जिल्ह्याला पत्र लिहिलं की सदर कर्मचारी आपल्या आस्थापनेवरचा असल्यानं त्याचा सत्कार आपण करावा. जिल्ह्यानं उलट टपाली कळवलं की सदर कर्मचारी प्रत्यक्षात आपल्याकडे कार्यरत असल्यानं सत्कार आपण करावा. दोन्ही पत्रांची नोंद केली ग्यानोबांनीच. पहिल्याला जावक नंबर दिला, दुसऱ्याला आवक नंबर दिला, शिक्का सरळ उमटलाय का ते पाहिलं आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. एकतीस तारखेला त्यांनी रजिस्टर दुसऱ्याच्या हवाली केलं, डबा पिशवीत घातला आणि नेहमीच्या जीपनं घरी आले. पिशवीत डबाच तेवढा आहे हे पद्माबाईंनी पाहिलं आणि चहा ठेवला.

दुसऱ्याच दिवशी पल्लवीचा फोन आला. लिव्हिओ बेर्तान्झा वयाच्या छत्तिसाव्या वर्षी निवृत्त झाला होता. मूळ क्लबानं चार ओळींचं निवेदन काढलं होतं, आणि शेवटच्या क्लबानं तेही नाही.

ग्यानोबा जे भडकले ते विचारू नका. स्वतःसाठी ज्या माणसानं एक शब्द काढला नव्हता, तो लिव्हिओसाठी ओट्यावर येरझारा घालू लागला. एकोणीस वर्षं राबवून घेतलं आणि एक शाल देता येईना या लोकांना, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले. शेवटी त्यांनी जाहीर केलं की इटलीला जमत नसेल तर लिव्हिओचा सत्कार गोरेगाव करील. पद्माबाई म्हणाल्या, करा. त्यांना सगळं समजलं होतं.

शाल पद्माबाईंनीच बाजारातून आणली. नारळ ग्यानोबांनी हलवून आणला. अध्यक्ष म्हणून सरपंच जिवनबाई राठोड यांना विचारलं. त्या तांड्यावरच्या, सरळ बोलणाऱ्या बाई. हा पाहुणा करतो काय, एवढंच त्यांनी विचारलं आणि ग्यानोबांनी अर्धा तास सांगितलं. गावात निमंत्रणं वाटली. पण गावात निमंत्रण कुणी वाचत नाही, वेळ आणि जागा बघतात.

चार जूनला संध्याकाळी पाच वाजता ग्रामपंचायतीसमोर खुर्च्या मांडल्या. मानाच्या खुर्चीवर लिव्हिओचा फोटो ठेवला. झेरॉक्सवाल्याकडची रंगीत शाई संपल्यामुळं तो काळापांढरा निघाला होता. शेजारी टेबलावर झेंडूचा हार. तेवढं मांडून ग्यानोबा माइकवाल्याकडे गेले आणि घोटाळा तिथंच झाला, कारण पहिले आले पुंजाजी.

पुंजाजी म्हणजे गावातल्या समस्त दुःखद प्रसंगांचे सूत्रसंचालक. त्यांनी काळापांढरा फोटो पाहिला, हार पाहिला, आणि करायचं ते केलं. हार फोटोला घातला, चपला काढल्या, खिशातून उदबत्ती काढून पेटवली. मागून येणारे लोक ते बघून आवाज खाली करत बसत गेले. ग्यानोबा परत आले तेव्हा पुंजाजींनी त्यांचा हात हातात घेतला.

"किती वय होतं, भाऊसाहेब?"

"छत्तीस," ग्यानोबा म्हणाले.

"लेकरं?"

"दोन पोरी हायेत."

"अरारा. काहून झालं म्हणावं?"

"गुडघ्यानं घात केला," ग्यानोबा कळवळून म्हणाले. "तीन ऑपरेशनं झाली, मंग डॉक्टरनं सांगितलं की आता बास."

गुडघ्यानं माणूस जातो, हे पुंजाजींना नवीन होतं. त्यांनी नकळत स्वतःच्या गुडघ्यावरून हात फिरवला, माइक हातात घेतला आणि परदेशात अकाली गेलेल्या पाईकराव परिवाराच्या स्नेह्याला श्रद्धांजली म्हणून दोन मिनिटं उभं राहण्याची विनंती केली. सगळे उभे राहिले.

आता ग्यानोबांच्या ध्यानात आलं. पण मौन सुरू झालं होतं, आणि तेहतीस वर्षं शिस्तीत काढलेला माणूस मौन मोडणार कसा? ते खाली मान घालून उभे राहिले. साठ-सत्तर माणसं एका जित्याजागत्या इटालियनासाठी उन्हात घाम गाळत उभी होती. आपण कचेरीतून निघालो तेव्हा खुर्चीवरून कुणी अर्धवटही उठलं नाही, हे त्यांना तेवढ्यात आठवलं आणि त्यांनी चष्मा काढून रुमाल डोळ्यांना लावला. लोकांना वाटलं, फारच जवळचा असावा.

दोन मिनिटं संपल्यावर ग्यानोबांनी माइक घेतला.

"तो जिता हाय," ते म्हणाले. "रिटायर झालाय."

लोक थोडे नाराजच झाले. पुंजाजींनी उदबत्ती विझवून उरलेला तुकडा परत खिशात घातला. छत्तिसाव्या वर्षी रिटायर होतात तर पेन्शन बसते का, असं मागून कुणी विचारलं. काही जण उठायच्या बेतात होते, तेवढ्यात जिवनबाई उभ्या राहिल्या.

आपल्याला या खेळातलं काही कळत नाही, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. भाऊसाहेबांनी जे सांगितलं तेवढं माहीत आहे, म्हणाल्या. हा पाहुणा मागून आलेला चेंडू स्वतःपाशी ठेवत नाही, पुढं देतो. नाव दुसऱ्याचं होतं. मूळ मालकानं कधी घरी बोलावलं नाही. एवढं बोलून त्या थांबल्या आणि ग्यानोबांकडे पाहून पुढं म्हणाल्या, "आमच्या तांड्याच्या पाण्याच्या टाकीचा कागद दोन साल सापडून नव्हता राहिला. साहेब म्हणे, आमच्याकडं आलाच न्हाई. एका माणसानं मला चिठ्ठीवर आवक नंबर लिहून देला. चौदाशे बावीस. तो नंबर साहेबापुढं ठेवला अन् कागद निघाला. टाकीवर नाव आमदाराचं हाय. त्या माणसाचं कुठंच न्हाई."

ग्यानोबा चपलेच्या अंगठ्याकडे पाहत होते.

जिवनबाईंनी शाल उचलली, झटकून उघडली आणि खुर्चीवरच्या फोटोकडे पाहिलं. "पाहुणा काही यायला न्हाई. त्याच्या जागी आज भाऊसाहेब प्रतिनियुक्तीवर हायेत," असं म्हणून त्यांनी ती ग्यानोबांच्या खांद्यांवर घातली. टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठ्यांदा पुंजाजींनी वाजवल्या. तांड्यावरच्या चार बायांनी नारळ ग्यानोबांच्या हातात दिला आणि मोबाइलवर फोटोही काढला. पद्माबाई मागच्या रांगेत पदरानं डोळे पुसत होत्या, आणि ऊन लागलं म्हणून सांगत होत्या.

घरी आल्यावर ग्यानोबांनी शाल काढली, घडी घातली, खाकी कागदात बांधली आणि पल्लवीकडून फोनवर घेतलेला क्लबाचा पत्ता वर सुवाच्य अक्षरात लिहायला बसले. शाल लिव्हिओची होती. आपण ती फक्त त्याच्या वतीनं घेतली, आता ज्याची त्याला पोचवायला हवी. नोंदीसाठी त्यांनी सेवापुस्तकाचं शेवटचं पान उघडलं, त्यावर आवक-जावकचे दोन रकाने आखले, आवकच्या रकान्यात 'शाल, एक नग' लिहिलं आणि जावकच्या रकान्यापाशी पेन टेकवलं.

पद्माबाईंनी ते पेन काढून घेतलं.

"तेहतीस साल आलं ते पुढं धाडलं तुमी," त्या म्हणाल्या. "हे एक आलेलं राहू द्या घरी."

त्यांनी खाकी कागद फाडला आणि शाल परत त्यांच्या अंगावर घातली. बाहेर गरम वारा सुटला होता, पंखा लाइट नसल्यानं बंद होता, आणि ग्यानोबांच्या कपाळावरून घाम ओघळून चष्म्यावर येत होता. पद्माबाईंनी विचारलं, उकडतंय का? ग्यानोबा म्हणाले, न्हाई, आणि जेवण होईपर्यंत शाल अंगावरून काढली नाही.