शीड क्रमांक नऊ

मध्य भारत यॉट क्लब, नागपूर. सभासदांसाठी पत्रक.
रविवारची शर्यत वेळेवर झाली. वारा वायव्येचा, आधी बरा, मग पडला. पहिली आली शीड क्रमांक चार, सुकाणूवर गोपाळराव. तीन क्रमांकाची नाव उलटली. दोघे सुखरूप, एक चष्मा गेला. शीड क्रमांक नऊ, सुखदेव गजभिये: सुटली नाही.

शेवटची ओळ मनोहररावांची बोटं आपोआप टाइप करत. गेला पूर्ण हंगाम तीच ओळ होती आणि हा हंगामही संपत आला होता. वर वारा बदलायचा, पहिला कोण ते बदलायचं. खालची ओळ बदलत नसे.

यॉट हा शब्द मोठा. प्रत्यक्षात अंबाझरी तलावाच्या काठावर एक पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये दोन माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसतील एवढ्याशा प्लायवुडच्या नावा. महाल भागातल्या पानठेल्यावरचा चंपतराव मनोहररावांची सायकल दिसली की हटकून विचारायचा, "काहो सेक्रेटरीसाहेब, समुद्र केव्हा येऊन राहिला नागपूरले?"

"कळवतो. पत्रकात येईल."

आणि ते खरोखर सगळं कळवत. सोमवारी कचेरीतून आल्यावर स्टेन्सिल कापायची, ओळखीच्या शिकवणीवर्गातल्या सायक्लोस्टाइल यंत्रावर प्रती काढायच्या, मंगळवारी सायकलनं घरोघर टाकायच्या. पोस्टावर त्यांचा भरवसा नव्हता. क्लबात त्यांना सेक्रेटरी केलं ते यासाठीच. नाव हाकण्यात ते बेताचेच होते, पण कोणाला काही कळलं नाही असं त्यांच्या कारकिर्दीत घडलं नव्हतं.

क्लबची रीत अशी: दसऱ्याला नावेची नोंद करायची, ती अख्ख्या हंगामाची. नोंद आहे तर पत्रकात ओळ आहे, मग नाव पाण्यात उतरो न उतरो.

सुखदेवनं गेल्या हंगामाच्या दसऱ्याला नोंद केली होती.

कॉलेजात एन.सी.सी.च्या नेव्हल विंगमध्ये होता तो. तिथून क्लबात आला. सभासदांच्या नावा मुंबईहून आलेल्या. याची इंदोऱ्यातल्या घराच्या अंगणात तयार झाली. बाप रेल्वेत सुतार. बापलेकांनी नकाशा भिंतीला टाचून ती बांधली आणि हातगाडीवर घालून अंबाझरीला आणली. दिवाळीनंतर, शर्यती सुरू व्हायच्या आधीच, पोराचे डोळे पिवळे झाले. कावीळ. क्लबात कोणालाच माहीत नव्हतं. मनोहरराव दर सोमवारी टाइप करत राहिले, सुटली नाही, सुटली नाही, आणि मंगळवारी तो कागद त्या घराच्या दारात सरकवत राहिले, ज्या घरात तो आता नव्हता.

कळलं तेव्हा ते धावत गेले. हात जोडून, मान खाली घालून म्हणाले, "मला ठाऊक नव्हतं हो. या खेपेपासून नाव काढतो."

सुखदेवची आई भागीरथा भिंतीला टेकून बसली होती. तिला वाचता येत नसे. कागद नवरा वाचून दाखवायचा.

"काहून काढता?" ती म्हणाली. "कॉलेजानं काढलं. राशन कार्डातून काढलं, याह्यलेच जा लागलं काढाले. तुमच्या कागदात हाये तं राहू द्या ना."

मनोहररावांनी नवऱ्याकडे, चंद्रभानकडे पाहिलं. तो म्हणाला, "राहू द्या, साहेब. खोटं तं नाई ना त्यात काही."

खोटं नव्हतं. नाव सुटत नव्हती हे खरंच होतं. पुढच्या दसऱ्याला मनोहररावांनी स्वतःच्या हातानं सुखदेवची नोंद लिहिली. कोणी विचारलं नाही.

विचारलं ते आता, फेब्रुवारीत.

क्लबचे नवे कमोडोर, म्हणजे अध्यक्ष, गोपाळराव दातांचे डॉक्टर होते. माणूस वाईट नव्हता. शेडमध्ये दोर गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "मनोहर, नऊ नंबरचं काय करायचं?"

"असू द्या की."

"शेडमध्ये जागा नाही. दोन नवे सभासद नावा घेऊन बसलेत, आपण त्यांना सारखं पुढच्या महिन्यावर ढकलतो. आणि नियम तूच लिहिलास. लागोपाठ दोन हंगाम जी नाव एकदाही सुटली नाही, तिची नोंद रद्द."

"मी तो नियम आळशी लोकांसाठी लिहिला होता."

"माहीत आहे रे." गोपाळरावांनी दोराला गाठ मारली, ती चुकली, पुन्हा मारली. "पत्रकातून कळू देऊ नकोस त्यांना. आधी जाऊन सांग. येत्या रविवारी हंगामाची शेवटची शर्यत. ती झाली की मग."

सोमवारी टाइपरायटरवर:

श्री. चंद्रभान गजभिये यांस, क्लबच्या नियमानुसार आपल्या चिरंजीवांच्या नावे असलेली

कागद काढला. दुसरा घातला.

चंद्रभानजी, आपणास ठाऊक आहेच की

काय ठाऊक आहे? काढला.

भागीरथाबाईंना वाचून दाखवावे:

 तीन शब्दांचा तो कागद यंत्रात तसाच अडकवून ते जेवायला उठले. सगळ्या गावाला वारा कुठून येतो ते कळवणारा माणूस. बायको म्हणाली, भात निवला. हो म्हणाले.

मंगळवारी नेहमीसारखी सायकल इंदोऱ्याला वळली. चंद्रभान पाळी संपवून आला होता, ओसरीत पाय धूत होता.

"जय भीम, साहेब. या. आज कागद हातात देऊन राहिले? नेहमी तं सरकवून पळता."

"जय भीम. बसतो जरा."

भागीरथानं चहा ठेवला. चंद्रभाननं कागद उजेडात धरून वाचला, वाऱ्यापासून सुरुवात करून, एकही शब्द न गाळता. चष्मा गेला इथं थांबला. "कोणाचा जी?"

"डाकघरातले ते जाडे. त्यांचाच."

"मागच्या साली चप्पल गेली होती त्याहिची," भागीरथा आतून म्हणाली. "पुढच्या साली धोतर जाईन."

मनोहरराव हसले, आणि हसता हसता त्यांना कळलं की या घरात क्लबची माणसं ओळखीची झाली आहेत. न पाहिलेला डाकघरवाला, गोपाळराव, पडणारा वारा. मग चंद्रभाननं शेवटची ओळ वाचली. आतला भांड्यांचा आवाज तेवढ्यापुरता थांबला.

मनोहररावांनी सांगितलं. कसं सांगितलं ते त्यांचं त्यांना आठवलं नाही. नियम, जागा, शेवटची शर्यत.

चंद्रभाननं कागदाची घडी घातली. मग चंद्रभान म्हणाला, "नियम काय म्हणते, बराबर सांगा."

"हंगामात एकदा तरी नाव सुटायला हवी. रेषेच्या पलीकडे जायला हवी."

"कोणं चालवाव, थे लिवलं हाये?"

"नाही."

"मंग मी येतो रविवारी."

"तुम्हाला पोहता येतं, चंद्रभानजी?"

"नाई. थे नियमात हाये का?"

"काही गरज नाई जाची," भागीरथा दारात आली होती. "एक गेला तेवढा पुरे."

"अवं, तलावानं काय केलं आपलं? थो काही पाण्यानं गेला का?" चंद्रभान मनोहररावांकडे वळला. "नाव म्या बनवली. बसलो कधीच नाई. पोरगं म्हणे, बाबा या एकदा. म्या म्हणे, सुट्टी भेटन तवा. एकदा सुटली म्हंजे नाव राहते ना कागदात?"

इथं मनोहररावांनी सांगायला हवं होतं. त्यांना माहीत होतं. पत्रकात शीड क्रमांकापुढे नोंद करणाऱ्याचं नाव येतं ते फक्त न सुटलेल्या नावेला. सुटलेल्या नावेपुढे, ज्याच्या हातात सुकाणू त्याचं, आणि पुढची नोंदही त्याच्याच नावे होते. पण भागीरथा दारात उभी होती आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ बघत होती.

"नोंद राहते," ते म्हणाले, आणि चहा न पिताच उठले.

रविवार. वारा वायव्येचा, हलका.

शेडमधून नऊ नंबरची नाव काढली तेव्हा तिच्यावर बोटभर धूळ होती. चंद्रभाननं ती पंच्यानं पुसली. सांध्यांवरून हात फिरवत गेला, एका ठिकाणी थांबला, नखानं खरवडलं. "इथं थो म्हणे खिळे मारू. म्या म्हटलं, नाई, डिंकच राहू दे." बाकीचे सभासद आपापली शिडं बांधण्यात फारच गुंतल्यासारखे दिसत होते. गोपाळराव येऊन शीड चढवायला लागले, एक शब्द न बोलता, आणि गेले.

चंद्रभान सुकाणूशी बसला. मनोहरराव पुढे, शिडाचा दोर हातात घेऊन. नाव काठापासून सुटली तसा चंद्रभाननं दुसऱ्या हातानं कडा घट्ट धरली.

काठावरच्या बाभळीला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता, त्यावर टोला पडला. तयारीचा. पुढचा टोला सुटण्याचा. नावा काठावरची काठी आणि पाण्यातलं लाल पिंप यांच्यामधल्या न दिसणाऱ्या रेषेमागं घिरट्या घालू लागल्या.

"मंगळवारच्या कागदात कसं येईन?" चंद्रभाननं विचारलं. "सांगा ना. तिले सांगून आलो, आज दुसरं वाचाले भेटन."

मनोहरराव शिडाकडे बघत राहिले.

"साहेब?"

"शीड क्रमांक नऊ. चंद्रभान गजभिये. मग कितवी आली ते."

पाणी नावेच्या पोटाला थापटत होतं.

"माह्यं?"

"ज्याच्या हातात सुकाणू, त्याचं नाव येतं. पुढची नोंदही त्याच्याच नावे."

"अन् त्याचं?"

मनोहररावांनी दोर हाताभोवती गुंडाळला.

"त्या दिवशी नाई सांगितलं तुमी."

"नाही सांगितलं." मग घाईघाईनं, मागं न बघता, "मी टाइप करतो हो. माझ्याच हातात आहे. सुखदेवचं टाकतो. कोण काय म्हणणार आहे?"

"सगळे बघून राहिले, साहेब. या नावेत कोण हाये थे साऱ्याहिले दिसते." चंद्रभानचा आवाज चढला नाही. "आतावरी नाव होतं अन् खरं होतं. खोट्यात नका टाकू त्याले."

नाव रेषेकडे सरकत होती. डावीकडून चार नंबर आली, तिचं शीड भरलेलं. कोणीतरी सेकंद मोजत होतं.

"अन् नाई सुटली तं?"

"तर या वेळेस सुखदेवचंच येईल. सुटली नाही असं. आणि मग नोंद जाईल. ही शेवटची."

चंद्रभान समोर बघत होता. लाल पिंप आता अगदी जवळ आलं होतं. नावेला फक्त तसंच जाऊ द्यायचं होतं. वारा मागून होता, ती आपसूक गेली असती. मंगळवारी काय वाचलं जाईल ते मनोहररावांना ऐकू येत होतं, दोन्ही तऱ्हांनी, आणि दोन्हींनंतर आतली भांडी थांबलेली.

"थांबवा," चंद्रभान म्हणाला.

मनोहररावांनी दोर सोडून दिला. शीड फडफडलं, वाऱ्याबरोबर पुढे वळून लोंबकळू लागलं. नाव रेषेच्या अलीकडेच मंदावली.

टोला पडला.

बाकीच्या नावा एकामागून एक रेषा ओलांडून गेल्या. डाकघरवाल्यांनी जाता जाता मागं वळून पाहिलं आणि पुन्हा पुढे पाहिलं. गोपाळरावांनी पाहिलं नाही. थोड्याच वेळात पांढरी शिडं तलावाच्या मधोमध लहान झाली आणि या दोघांच्या आजूबाजूला नुसतं पाणी राहिलं.

चंद्रभान रडला नाही. पंच्यानं तोंड पुसलं, सुकाणूचा दांडा पाहिला, मग तो त्याच्या लाकडावर अंगठा घासत राहिला. मनोहररावांना वाटलं, आपण काहीतरी कळवायला हवं आहे. एवढी वर्षं ते कळवतच आले होते. त्यांनी सुटलेल्या दोराचं टोक पाण्यातून उचललं.

शेवटी चंद्रभान म्हणाला, "चला वापस. ती वाट पाहत असन."

मनोहररावांनी दोर आवळला. शीड हळूच भरलं. चंद्रभाननं दांडा डावीकडे, काठाकडे ढकलला. नावेचं तोंड उजवीकडे, खोल पाण्याकडे फिरू लागलं. त्यानं आणखी जोरानं ढकलला. ती आणखी फिरली.

"उलटंच जाते हे."

"उलटंच असतं. काठ डावीकडे असेल तर दांडा उजवीकडे न्यायचा. सगळ्यांना पहिल्यांदा असंच होतं."

"त्याले किती दिवस लागले शिकाले?"

"दिवस नाही," मनोहरराव म्हणाले. "एक दुपार. वाकडातिकडा गेला, इथंच कुठंतरी, आणि हसत सुटला. संध्याकाळपर्यंत सरळ जात होता."

चंद्रभाननं मान हलवली. दांडा दोन्ही हातांनी धरून त्यानं तो उजवीकडे ओढला, आणि नाव काठाकडे वळेपर्यंत तसाच धरून ठेवला.